सोयाबीनची कीडप्रतिकारशक्ती : एकाच जनुकावर विसंबू नये

पिकाचे किडीपासून रक्षण करण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांत किडीला प्रतिकार करणारे वाण पेरणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. औषधाला पैसे पडतात, पंप पाठीवर घेण्यास माणूस लागतो, आणि फवारणी आटोपते न आटोपते तोच पावसाची सर येऊन सारे धुऊन नेते. बियाण्यातच असलेला गुण मात्र पेरणीबरोबर शेतात येतो आणि काढणीपर्यंत अहोरात्र पिकाची राखण करतो. त्यासाठी वेगळी मजुरी द्यावी लागत नाही आणि त्याने विहिरीचे पाणीही दूषित होत नाही.

२०२४ च्या खरिपात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्रावर सोयाबीन उभे होते. विदर्भ आणि मराठवाडा या विभागांत तर दिवाळीचा खर्च, मुलांची फी आणि सोसायटीचा हप्ता हे सारे याच पिकावर अवलंबून असते. अशा पिकाच्या बाबतीत 'कीडप्रतिकारक' हा शब्द बियाण्याच्या पिशवीवर किंवा माहितीपत्रकात दिसला, की शेतकऱ्याने आशेने त्याकडे पाहावे हे स्वाभाविकच आहे. तथापि या एका शब्दाने आपल्याकडे जेवढा गैरसमज होतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने होत असेल. शिवारात फिरताना हा प्रश्न वारंवार कानी येतो : "साहेब, वाण प्रतिकारक म्हणून घेतला, मग पानाला ही भोके कशी?" प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे शेतकरी दोन गोष्टी करतो. भोके दिसताच घाईने औषध फवारतो, आणि पुढच्या वर्षी तो वाण वाईट ठरवून टाकून देतो. या दोन्ही गोष्टींत त्याचेच नुकसान आहे.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, ज्या वाणावर थोडी कीड दिसते, पण ती वाढत नाही आणि उत्पन्न घटवीत नाही, तोच वाण दीर्घकाळ उपयोगी पडणारा असतो. ज्या वाणावर एकही कीड जगत नाही आणि ज्याचा सारा भार एकाच जनुकावर असतो, त्याचा भरवसा फार दिवस धरता येत नाही. हे म्हणणे प्रथमदर्शनी उलटे वाटेल. म्हणून त्यामागचे शास्त्र व अनुभव क्रमाने पाहू.

प्रतिकार तीन प्रकारचा

अमेरिकेतील कॅन्सस राज्याचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ साली पिकांच्या कीडप्रतिकारावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले, आणि आजही शास्त्रज्ञ त्याच विभागणीच्या आधारे बोलतात.

पहिला प्रकार नावडीचा. किडीला ते झाड अंडी घालण्यास किंवा खाण्यास पसंतच पडत नाही. सोयाबीनच्या पानांवरील व देठांवरील लव हे याचे सोपे उदाहरण होय. लव नसलेल्या गुळगुळीत सोयाबीनवर तुडतुडे फार माजतात आणि लव असलेल्या झाडांवर कमी राहतात, हे अमेरिकेत १९३०-४० च्या दशकातच दिसून आले होते.

दुसरा प्रकार वाढीला बाधा आणण्याचा. अळी पान खाते, पण त्या पानातील द्रव्यांमुळे तिची वाढ खुंटते. ती लहान राहते, उशिरा कोषात जाते, पतंग झाल्यावर अंडी कमी घालते. अशा झाडावर भोके दिसतीलच. फरक इतकाच की पुढची पिढी लहान राहते.

तिसरा प्रकार सोसण्याचा. कीड खाते आणि वाढतेही, परंतु झाड ते नुकसान भरून काढते. सोयाबीन या बाबतीत मोठे सोशीक पीक आहे. फुलोऱ्यापूर्वी एकूण पानांपैकी सुमारे ३० टक्के पाने खाल्ली गेली, तरी जोमदार पिकाच्या उत्पन्नात सहसा घट येत नाही. शेंगा भरण्याच्या काळात मात्र ही मर्यादा १५ ते २० टक्क्यांवर येते. म्हणजेच पानाला भोक पडले म्हणून शेंगेतील दाणा घटला असे समजण्याचे कारण नाही.

यावरून हे ध्यानात येईल की, 'प्रतिकारक' म्हणजे 'कीड न लागणारे' असा अर्थ शास्त्रात नाही. सारख्याच परिस्थितीत, सारख्याच किडीपुढे, दुसऱ्या वाणापेक्षा ज्याचे नुकसान कमी होते तो वाण प्रतिकारक, एवढाच त्याचा अर्थ होय.

गुण बियाण्यात कसा येतो

हे गुण एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेणारे जे घटक असतात, त्यांना जनुक असे म्हणतात. हे जनुक पेशीतील गुणसूत्रांवर माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने असतात. सोयाबीनमध्ये गुणसूत्रांच्या २० जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र नराकडून व एक मादीकडून येते.

काही गुण एकाच जनुकाच्या ताब्यात असतात. वर उल्लेखिलेली लव घ्या. सोयाबीनमध्ये लव नाहीशी करून झाड गुळगुळीत करणारा एक प्रबळ जनुक आहे. गुळगुळीत झाडाचा लव असलेल्या झाडाशी संकर केला, तर पहिल्या पिढीत सर्व झाडे गुळगुळीत निघतात. त्यांचेच बी पुन्हा पेरले असता दुसऱ्या पिढीत तीन गुळगुळीत व एक लव असलेले, असे प्रमाण पडते. मेंडेल यांनी वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ साली प्रसिद्ध केलेला नियम तो हाच.

दुसऱ्या काही गुणांत मात्र अनेक जनुक मिळून काम करतात आणि प्रत्येकाचा वाटा थोडाथोडा असतो. बैलाची ताकद ज्याप्रमाणे एका सांध्यात नसते, छाती, खांदा, पाय आणि खूर या साऱ्यांत मिळून असते, तसेच हे आहे. अशा गुणांच्या बाबतीत संकराच्या पुढील पिढीत 'आहे' आणि 'नाही' असे दोन स्वच्छ गट पडत नाहीत. कमी, मध्यम, अधिक अशी उतरंड दिसते. पैदासकाला त्यातून निवड करणे कष्टाचे जाते.

एका जनुकाचा प्रतिकार शोधण्यास सोपा, नव्या वाणात आणण्यास सोपा आणि शेतात डोळ्यांना ठसठशीत दिसणारा असतो. अनेक जनुकांचा प्रतिकार शोधण्यास अवघड, आणण्यास अवघड आणि डोळ्यांत न भरणारा असतो. आपला कल सोप्याकडे जातो. धोका नेमका तेथेच आहे.

जपानी बियाण्याची कथा

अनेक जनुकांच्या प्रतिकाराचे सर्वांत जास्त अभ्यासलेले उदाहरण सोयाबीनचेच आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात पाने खाणाऱ्या भुंग्यांनी व अळ्यांनी सोयाबीनला उपद्रव दिला, तेव्हा दक्षिण कॅरोलायना येथील संशोधकांनी साठवणीतील बियाण्यांची परीक्षा केली. जपानी मूळ असलेल्या तीन बियाण्यांवर मेक्सिकन भुंगा फारसे खात नाही, असे त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. पुढे हीच तीन बियाणी निरनिराळ्या पाने खाणाऱ्या अळ्यांनाही प्रतिकार करतात असे आढळले. एका किडीसाठी शोध करावा आणि अनेक किडींवर उपाय हाती यावा, असा हा लाभ होता.

परंतु पुढचे काम कठीण निघाले. ही बियाणी उत्पन्नास कमी व लोळणारी होती. त्यांचा चांगल्या वाणाशी संकर केला की प्रतिकाराबरोबर कमी उत्पन्नाचे जनुकही मागोमाग येत, कारण गुणसूत्रावर ते शेजारीशेजारी बसलेले होते. शेजाऱ्याला न उचलता एकट्यालाच उचलणे जुन्या पद्धतीत फार अवघड होते. पुढील दोन-अडीच दशकांत क्रॉकेट, लामार, लायन असे मोजकेच प्रतिकारक वाण बाहेर पडले. त्यांचा प्रतिकार खरा होता, पण उत्पन्नात ते मागे पडत असल्याने शेतकऱ्यांत फारसे पसरले नाहीत.

१९९० नंतर जनुकांच्या जागा खुणांवरून ओळखण्याचे तंत्र हाती आले. जॉर्जिया विद्यापीठातील रॉजर बोर्मा, वेन पॅरट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या जपानी बियाण्यांतील प्रतिकार गुणसूत्रांवर कोठे कोठे आहे हे शोधून काढले. त्यांतील मुख्य जागा ७ व्या, १२ व्या आणि १८ व्या गुणसूत्रावर आहेत. सर्वांत मोठा प्रभाव ७ व्या गुणसूत्रावरील जागेचा. इतर दोन जागांचा प्रभाव ही पहिली जागा सोबत असेल तरच चांगला प्रकट होतो, असेही दिसून आले. एक कर्ता माणूस घरात असला की धाकटेही कामाला लागतात, तसाच हा प्रकार म्हणावयाचा.

या कथेतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. अनेक जनुकांचा प्रतिकार मिळविण्यास दशके लागतात, म्हणून तो जपून वापरावयाचा असतो. आणि असा प्रतिकार बहुतेक वेळा अर्धामुर्धाच दिसतो. अळ्या अजिबात नसतात असे नाही, त्या कमी असतात व हळू वाढतात.

मावा आणि एका जनुकाचे कुलूप

आता याच्या उलट उदाहरण पाहू. आशियातील सोयाबीनचा मावा २००० साली अमेरिकेत आढळला आणि थोड्याच वर्षांत तेथील उत्तरेच्या राज्यांत मोठी कीड होऊन बसला. महाराष्ट्रात हा मावा सोयाबीनची मुख्य कीड नाही; पण त्याचा धडा आपल्या कामाचा आहे.

इलिनॉय येथील संशोधकांना डाउलिंग या जुन्या वाणावर हा मावा वाढत नाही असे आढळले. २००६ साली त्यांनी दाखवून दिले की हा प्रतिकार एकाच प्रबळ जनुकाचा आहे. त्याचे नाव 'रॅग १'. एकच प्रबळ जनुक असल्याने तो चांगल्या वाणांत आणणे सोपे झाले, आणि २०१० च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांना तसे बियाणे बाजारात मिळू लागले.

पण त्यापूर्वीच, २००५ साली ओहायो राज्यातून जमा केलेल्या माव्यांत या प्रतिकाराला न जुमानणारा प्रकार सापडला होता. शेतकऱ्याच्या हाती कुलूप पडण्याआधीच चोराजवळ किल्ली होती! पुढे 'रॅग २' हा दुसरा जनुक शोधला गेला. त्यालाही न जुमानणारा मावा आढळला. नंतर तर दोन्ही जनुक एकत्र असलेल्या झाडावरही जगणारा मावा निघाला. दोन कुलपे एका कुलपापेक्षा निश्चित बरी. परंतु नुसती कुलपे वाढवीत जाऊन चोरी कायमची थांबत नाही.

आपल्याच शिवारातील धडा

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. कापसाचा अनुभव आपल्या डोळ्यांसमोर आहे. बीटी कापसातील जनुक कापसाच्या कुळातला नव्हे, तो एका जिवाणूतून आणलेला आहे. पण किडीला त्याचे मूळ कोठले याच्याशी कर्तव्य नसते. एकाच घटकाचा सतत मारा झाला की ती त्यातून वाट काढू लागते. २००२ साली आपल्या देशात एका जनुकाच्या बीटी कापसास आणि २००६ साली दोन जनुकांच्या बीटी कापसास परवानगी मिळाली. आरंभीची काही वर्षे बोंडअळ्या हटल्या आणि औषधाचा खर्च वाचला. २००९-१० च्या सुमारास गुजरातेत एका जनुकाच्या कापसावर गुलाबी बोंडअळी जगताना आढळली. पुढे दोन जनुकांचाही प्रभाव तिच्यावर चालेना. २०१७ साली महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना तिने किती रडविले, हे सांगावयास नको.

बीटीच्या पाकिटाबरोबर साध्या कापसाच्या बियाण्याची १२० ग्रॅमची लहान पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने लावावयाची, त्यावर काही अळ्या जगू द्यावयाच्या, असा त्यामागील हेतू होता. बहुतेक ठिकाणी ती पुडी बांधावर फेकली गेली. 'अळीसाठी कापूस लावायचा?' असे म्हणून लोक हसले. हसण्यात शेतकऱ्यांचा दोष फारसा नव्हता. ती पुडी कशासाठी आहे हे त्यांना पटेल अशा रीतीने सांगितले गेले नाही.

अमेरिकेत याच किडीविरुद्ध असाच कापूस वापरला गेला. तेथे साध्या कापसाचे पट्टे नियमाने राखले गेले, पुढे वंध्य केलेले पतंग मोठ्या प्रमाणावर सोडले गेले, आणि २०१८ साली गुलाबी बोंडअळीचे तेथील कापूस क्षेत्रातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. वापरण्याची रीत निराळी होती, म्हणून फळही निराळे मिळाले.

सोयाबीनमध्येही याची सुरुवात झालेली आहे. ब्राझीलमध्ये २०१३ पासून बीटी सोयाबीन पेरले जाते. २०२०-२१ च्या हंगामात तेथे एका जातीची उंटअळी या बीटी सोयाबीनवर जगत असल्याचे आढळून आले. भारतात बीटी सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे.

कीड वाट कशी काढते

यामागील हिशेब सोपा आहे. समजा, एका शिवारात एक लाख अळ्या आहेत आणि त्यांतील दहा अळ्यांमध्ये जन्मतःच वाणाचा प्रतिकार पचविण्याची शक्ती आहे. वाणाने उरलेल्या सर्व अळ्या मारल्या, तर मागे राहतात त्या केवळ या दहा. त्यांच्या पतंगांचे मीलन आपसांतच होते आणि त्यांची सारी पिल्ले आईबापांसारखी निघतात. थोड्याच पिढ्यांत शिवारभर तीच जात होते. उलट, वाणाने अळ्या मारून न टाकता त्यांची वाढ मंदावली, किंवा जवळपास दुसऱ्या वाणावर साध्या अळ्या जगल्या, तर त्या दहांचे मीलन बहुधा साध्या पतंगांशीच होते आणि त्यांची ती शक्ती पुढील पिढ्यांत पातळ होत जाते. शिवाय अनेक जनुकांचा प्रतिकार मोडावयाचा तर किडीला एकाच वेळी अनेक बदल जमवावे लागतात. दहा दारांचे घर आणि एका दाराचे घर यांत जो फरक, तोच येथे आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की, पानावर चार भोके दिसणे ही प्रतिकारक वाणाची उणीव समजू नये. ती त्या वाणाच्या दीर्घ आयुष्याची किंमत आहे, आणि ती किंमत आपल्याला परवडणारी आहे.

शंका आणि त्यांचे समाधान

कोणी म्हणेल, "अर्ध्या प्रतिकाराने शेतकऱ्याचे पोट कसे भरणार? कर्ज काढून पेरणी करणाऱ्याने किडीला वाटा का द्यावा?" ही शंका गंभीर आहे, ती उडवून लावता येणार नाही. खोडमाशी व चक्री भुंगा यांच्या अळ्या खोडाच्या आत शिरून नुकसान करतात. चक्री भुंग्याची मादी देठावर किंवा फांदीवर दोन गोल खापा पाडून त्यांच्या मध्ये अंडी घालते. वरचा भाग वाळलेला दिसेतो अळी आत पोचलेली असते. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचा एखाद्या वर्षी उद्रेक झाला तर अर्धा प्रतिकार पुरा पडत नाही. अशा वेळी औषध घ्यावेच लागेल, आणि ते घेऊ नये असे कोणी सांगू नये. प्रतिकारक वाणाने फवारणी कायमची सुटते असे नव्हे. तिची गरज कमी वेळा पडते आणि तिला वेळ मिळतो, इतकेच. पण हे 'इतकेच' अनेक हंगामांच्या हिशेबात लहान नसते.

दुसरी शंका अशी की, शास्त्रज्ञांनी जोरकस जनुक शोधून तो एकदम का देऊ नये? द्यावा, पण एकटा देऊ नये. जोरकस जनुकाच्या मागे लहान लहान जनुकांची फळी उभी असावी, म्हणजे पहिला मोडला तरी पीक उघडे पडत नाही.

तिसरी गोष्ट शंकेची नव्हे, सावधगिरीची आहे. एका किडीला प्रतिकार म्हणजे सर्व किडींना प्रतिकार नव्हे. कापसाचे लवदार वाण तुडतुड्यांना आवरतात, पण पांढऱ्या माशीला तेच अधिक मानवतात. तसेच रोगाचा प्रतिकार निराळा आणि रोग पसरविणाऱ्या किडीचा प्रतिकार निराळा. पिवळा मोझॅक हा रोग पांढरी माशी पसरविते, आणि २०२३ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात त्याने बरेच नुकसान केले. मोझॅकला प्रतिकारक असलेल्या वाणावर पांढरी माशी बसणारच नाही, असे मानू नये.

वाणाची शिफारस कोणत्या भागासाठी आहे हेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२१ साली जाहीर केलेला एमएसीएस १४०७ हा वाण पारंपरिक संकर पद्धतीने तयार केलेला असून चक्री भुंगा, खोडमाशी, पाने पोखरणारी अळी, पाने गुंडाळणारी अळी, मावा आणि पांढरी माशी यांना प्रतिकारक असल्याचे सांगितले आहे. वाण आपल्या पुण्याचा, म्हणून तो आपल्यासाठीच असे कोणास वाटेल. पण त्याची शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्ये यांसाठी झाली आहे. हवामान बदलले की किडींचा मेळ बदलतो. नावावर न जाता शिफारशीवर जावे.

गावाने करावयाच्या गोष्टी

वाणाचा प्रतिकार ही एकट्या शेतकऱ्याची मालमत्ता नाही. पतंग बांध ओळखत नाही. एकाने निष्काळजीपणा केला तर त्याची झळ साऱ्या शिवाराला लागते, आणि सर्वांनी विचाराने वागल्यास फायदाही सर्वांचा होतो. त्या दृष्टीने पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक : सारे गाव एकाच वाणाखाली आणू नये. १९९४ साली प्रसारित झालेल्या जेएस ३३५ या वाणाने मध्य भारतातील फार मोठे क्षेत्र वर्षानुवर्षे व्यापले होते. वाण गुणी होता यात वाद नाही. पण एकाच वाणाचा विस्तार म्हणजे किडीपुढे व रोगापुढे एकच दार ठेवणे होय. आपल्या विभागासाठी विद्यापीठाने शिफारस केलेले दोन-तीन वाण गावात वाटून पेरावेत.

दोन : भोक पाहून फवारू नये, मोजून फवारावे. आठवड्यातून एकदा शेताच्या निरनिराळ्या चार-पाच ठिकाणी ओळीतील एक मीटर अंतरातील झाडे हलक्या हाताने जमिनीवरील कापडावर झटकावीत, पडलेल्या अळ्या मोजाव्यात आणि पाने किती टक्के खाल्ली गेली याचा अंदाज घ्यावा. नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच शिफारशीचे औषध घ्यावे. विनाकारण फवारणीने मित्रकीटक मरतात आणि वाणाला मिळणारी त्यांची मदत थांबते.

तीन : चक्री भुंग्याने खापा पाडलेली पाने व फांद्या आरंभीच खापेच्या खालून तोडून नष्ट कराव्यात. हे काम घरच्या माणसांना जमते आणि वाणाच्या प्रतिकाराला त्याने मोठा हातभार लागतो.

चार : सोयाबीनचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, परपरागीकरण सहसा एक टक्क्याहूनही कमी असते. म्हणून चांगल्या वाणाचे बी घरी राखले तर त्याचे जनुक बदलत नाहीत. बिघाड होतो तो मळणीयंत्रात व पोत्यांत मिसळ झाल्याने. भेसळीची झाडे उपटून काढावीत, वाणाचे नाव पोत्यावर लिहावे, आणि पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बी पेरण्यास योग्य समजावे.

पाच : बियाणे घेताना 'प्रतिकारक आहे का?' एवढेच विचारू नये. कोणत्या किडीला, किती प्रमाणात आणि कोणत्या भागासाठी, हे तीन प्रश्न विचारावेत. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्या शब्दावर पैसे मोजू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती

या कामात सर्वांत मोठा वाटा गावात राहून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा आहे. प्रात्यक्षिकाचा प्लॉट हिरवागार व निष्कलंक दिसावा, म्हणून आपण त्यावर वारंवार फवारतो. पाहुण्यांना तो दाखविण्यास बरा असतो. पण वाणाचा गुण कोणता आणि औषधाचा कोणता, हे त्यातून शेतकऱ्याला कळत नाही. त्यापेक्षा प्रतिकारक वाण व नेहमीचा वाण शेजारीशेजारी पेरावेत आणि दोहोंत चार-चार ओळी विनाफवारणीच्या ठेवाव्यात. शेतकऱ्यांच्या हातांनी अळ्या मोजून घ्याव्यात, काढणीला वजन त्यांच्यासमोर करावे आणि खर्चाचा हिशेब फळ्यावर मांडावा. ज्या ओळीत पाने भोके पडलेली होती, त्याच ओळीचे वजन जवळजवळ बरोबरीने भरले, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की शेतकऱ्याला दुसरे व्याख्यान लागत नाही. वजन खरोखरच कमी भरले, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे. शेतकऱ्याचा आपल्यावरील विश्वास हाही पिढ्यांनी कमावलेला गुण आहे, आणि तो गमावणे फार सोपे असते.

जपानमधील कोणा अनामिक शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या बियाण्यात जो गुण होता, तो ओळखण्यास शास्त्रज्ञांना १९७१ साल उजाडावे लागले आणि त्याच्या जागा नेमक्या सापडण्यास आणखी जवळजवळ तीस वर्षे लागली. इतक्या श्रमाने हाती आलेली वस्तू दोन-चार हंगामांत उधळून टाकणे शहाणपणाचे नाही. येत्या खरिपात पानावरचे पहिले भोक दिसेल, तेव्हा शेतकरी बंधु-भगिनींनी पंप भरण्याआधी ओळीत खाली बसून अळ्या मोजाव्यात, आणि आकडा वहीत टिपून ठेवावा, एवढीच त्यांना आग्रहाची विनंती आहे.